म्हाकुळाची चरबी

नाशिकच्या एस.टी. स्टँडवर मुंबईच्या गाडीला रांग लागली होती. सुलाबाईंच्या पुढंच लताबाई आणि त्यांची कॉलेजात शिकणारी लेक विशाखा उभ्या होत्या. लेकीला म्हाकुळांच्या अभ्यासासाठी आठ दिवस समुद्रात बोटीवर जायचं होतं आणि आईनं अजून हो म्हटलं नव्हतं. सुलाबाईंनी पदर तोंडाशी धरून कान तिकडेच लावले.

“म्हाकूळ म्हंजे मासाच ना?”

“तसाच, पण हाडं नाहीत आणि हात दहा.”

“दहा हात. अन् भांडं एक घासत नसंल.”

“आई, ऐक तर. तो खाणं इतकं बारीक कुरतडतो, की पोट फाडलं तरी काय खाल्लं ते कळत नाही. पण खाल्लेल्याची खूण चरबीत उतरते. ती चरबी तपासली, की समुद्रात कोण कोणाला खातं ते जुळवता येतं.”

“त्यात काय? आपली शेळी निंब खाऊन आली, की दूध कडू लागतं. मी काय तिचं पोट फाडते?”

“हेच सर आम्हाला तीन तास शिकवत होते.”

“मग सरांनाच आण घरी. शेळी दाखवते. बोटीवर आणखी कोण हाय?”

“आम्ही तिघी मुली आणि मॅडम.”

“मॅडमला पोहता येतं?”

“येतं.”

“अन् तुला?”

“गोदावरीत तूच तर शिकवलंस.”

गाडी फलाटाला लागली.

“आई, काय सांगू सरांना?”

“जा. पण नुसत्या बिस्किटांवर दिवस काढलेस, तर मला चरबी तपासायला लागणार नाय. गालाकडं बघूनच ओळखीन.”