बोटभर सैल

टेक्निशियन : सीटी स्कॅनचे हे फोटो डॉक्टरांना दाखवून उपयोग नाही, ताई. कानामागचा सगळा भाग पुसट आलाय. डोकं हललं.

आई : तीन वर्षांची पोर आहे दादा. जिन्यावरून पडलीय, दोनदा ओकलीय. पुतळ्यासारखी कशी पडून राहील?

टेक्निशियन : म्हणून तर डोकं खोबणीत बसवलं, कानांशी स्पंज लावले, हनुवटीवर पट्टा ओढला. मी काचेमागे गेलो तेव्हा तो घट्ट होता. आता त्यात माझं बोट जातंय.

आई : झाला असेल सैल.

टेक्निशियन : आपोआप?

आई : ...मी केला. बोटभरच. वळ उठला होता हो तिच्या गालावर. आणि बघत होती माझ्याकडे, जसं काही मीच तिला बांधलंय.

टेक्निशियन : हं.

आई : ओरडा की.

टेक्निशियन : ओरडून फोटो सुधारत असते तर घसा बसेपर्यंत ओरडलो असतो. ऐका. आत रक्त साकळलंय का, ते डॉक्टरांना आत्ताच कळायला हवं. पुन्हा हलली तर भूल देण्यावाचून इलाज नाही.

आई : भूल नको. पडली त्याच्या जरा आधीच पेलाभर दूध प्यायली होती. भूलवाल्या बाई म्हणाल्या, भरल्या पोटी देण्यात धोका आहे.

टेक्निशियन : मग ही एकच खेप. आणि पट्टा या वेळी तुम्ही ओढायचा.

आई : मी?

टेक्निशियन : मी हात लावला की ती अंग चोरते. गालाखाली ही कापडाची घडी घाला, म्हणजे रुतणार नाही. पण सैल नको.

टिल्ली : आई, घरी.

आई : जाऊ हं टिल्ले. आधी हे डोकं इथं ठेवायचं.

टिल्ली : दुखेल?

आई : ...हो. थोडं आवळेल.

टिल्ली : तू सोड ना.

आई : नाही सोडणार. माझा अंगठा धर. तो कितीही पिळ, डोकं मात्र तिथंच. दादा, बोट घालून बघा.

टेक्निशियन : जात नाही. छान.

(मशीन घुमू लागतं. थांबतं. काचेमागे फोन वाजतो.)

आई : आले का?

टेक्निशियन : स्वच्छ आले. डॉक्टरांनीही पाहिले पडद्यावर. रक्त नाही, हाडही शाबूत आहे. आजची रात्र इथं नजरेखाली ठेवतील, एवढंच.

आई : नक्की म्हणाले?

टेक्निशियन : दोनदा विचारलं मी. सोडा आता तिला.

आई : तुम्हीच सोडा दादा. माझा अंगठा अजून तिच्या मुठीत आहे.