टँकरवाल्याची कंबर

न्हाई न्हाई, बसा म्हणू नका! बसणंच तर जमत न्हाई ना हो… तुमी बसा, मी हितंच भिताडाला टेकून हुबा राहतो, हुबं राहिलेलंच बरं हाय मला, म्हंजे बरं न्हाई, पन बसण्यापरीस बरं… आन् ती खुर्ची पुढं सारू नका, लोकाला वाटतं खुर्ची दिली की पाव्हण्याचा मान झाला, आन् मला खुर्ची दिसली की घाम फुटतो! बावीस वर्षं ट्रक चालवला, तुमाला सांगतो, त्या सीटमधला काथ्या पहिल्याच साली उंदरांनी नेला, मग खाली पत्रा, पत्र्यावर पोतं, पोत्यावर मी, आन् आपल्या भागातले रस्ते… रस्ते कसले, दगड हाथरून ठेवल्यालं शेत! त्यात ह्यो दुष्काळ पडला, तर मालकानं ट्रकवर टाकी बसवली आन् म्हणला, "श्रीमंत, आता पानी वाहा." माझं नाव श्रीमंत. ठेवणाऱ्यानं इचार केला नसंल, जाऊ द्या.

तर जळकोटच्या आजूबाजूची बावीस गावं, विहिरीत बादली सोडली की खण्ण वाजायची, तिरू नदी म्हंजे नुसती वाळू, आन् दिवसाला माझ्या सात खेपा. गावाच्या तोंडाला हॉर्न मारला की बायका-पोरी घागरी घेऊन पळत यायच्या… "आले गं, श्रीमंतमामा आले!" अवो, नवरदेवाची कुणी इतकी वाट बघत नसंल! मला काय वाटलं सांगू का? मला वाटलं, आपल्याला लई मानसं हायत.

मग एक दिवस काय झालं, एका तांड्यावर गाडी लावली, तोटी सोडायला खाली वाकलो, आन् कंबरंत आवाज आला, कट्! वाकलो तो वाकलोच! तोटी सुटली, पानी सुटलं, मी काय सुटंना! तसाच, जमिनीकडं बघत, दोन्ही हात गुडघ्यावर… आन् चारी बाजूनं घागरी. एक म्हातारी म्हणली, "मामा, जरा बाजूला सरा की, घागर लागंना तोटीला." म्हणलं, "आजी, सरता आलं असतं तर सरलो नसतो का?" तासभर मी तसाच. टाकी रिकामी झाली, मग दोघीतिघींनी मला उचलून केबिनमधी घातलं. राग न्हाई बरं का. पानी आधी. मी बी तेच केलं असतं… पन त्या एका तासात जमिनीवरची एक एक मुंगी वळखीची झाली.

घरी कोन हाय म्हणता? केवळाबाईला, माझ्या घरवालीला, जाऊन चार वर्षं झाली. एक लेक हाय सिंधु, भोकरला दिलीय, ती आली बिचारी दोन दिस, तिचं लेकरू तापानं फणफणलेलं, तिकडं सासू आंधळी, ती माझ्याकडं बघून रडायची आन् मी तिच्याकडं बघून म्हणायचो, "मला कुठं काय झालंय, जा तू." गेली. आन् पाय मोडला तर पलस्तर दिसतं हो, लोक ईचारतेत, चार जण पपई घेऊन येतेत. कंबर दिसती का? बाहीर आलो की लोक म्हणायचे, "चांगला तर दिसायलास की!" आता चांगला दिसायलो ही माझी चूक हाय का?

आन् खरी गंमत पुढं. माझ्या ट्रकवर दुसरा डायवर आला, संगप्पा. सकाळी पडल्या पडल्या हॉर्न ऐकू आला… माझाच हॉर्न! अर्धा वाजून घसा बसल्यासारखा होतो, बाजारात शंभर गाड्या असू द्या, मी वळखीन. पानी माझ्या दारापुढून चाललंय, आन् घरात घागर कोरडी! बावीस गावाला पानी पाजलं, आन् कंबर पुन्हा अशी धरली की मला उठून दारापतुर जाता येईना. हाक मारावी तर लाज. डायवर मानूस पानी मागतोय! दोन दिस तांब्यातल्या तळाच्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिशी शेजारच्या सरजाबाईनं दार ढकललं, हातात घागर… म्हणली, "अवो, दार लावून काय बसलाव? मेलाव का जित्ते हाव, कळाया नको?" म्हणलं, "वहिनी, मलाबी नक्की कळंना." तिनं घागर ठिवली, भाकरी ठिवली, आन् जाता जाता म्हणली, "वरल्या आळीच्या चांगुणाकडं जा, ती पायाळू हाय."

पायाळू म्हंजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेलं मानूस, त्याची लाथ बसली की कंबर मोकळी होते म्हणतेत. चार दिसांनी भिताड धरत चालता आलं, तसा गेलो. ही चांगुणा म्हंजे सत्तर वर्षांची म्हातारी, वाळलेल्या काडीसारखी! मला बघून म्हणली, "संगं कोन हाय? धरायला मानूस लागतंय, लाथ मारल्यावर तू जाशील तिकडं उकिरड्यात." म्हणलं, "कुणी न्हाई, मी लिंबाला धरतो." धरला लिंब. आन् तुमाला सांगतो, त्या काडीच्या अंगात काय होतं कुणास ठाव, अशी बसली, अशी बसली… लिंब सुटला, उकिरडा भेटला! वर ती म्हणती कशी, "दुसऱ्यांदा मारू का? एक लागू झाली न्हाई वाटतं."

मग म्हणलं, बास! आता डाक्टर. आता नांदेडला जावं का लातूरला? एक शेजारी म्हणला नांदेड. सरजाबाईचा नवरा म्हणला, "येडा हाईस का? आपला आता लातूर जिल्हा झालाय, लातूरलाच जा." बरं. एसटीत चढलो, कंडाक्टर तिकीट फाडत म्हणतो, "हुबे का? बसा की, जागा हाय." म्हणलं, "बसता येत न्हाई." तर खालून वर बघितलं आन् म्हणला, "मग संगं कोन हाय?" अवो, तुझ्या गाडीत पन्नास मानसं हायत, मी कुणाकुणाचं नाव सांगू?… लातूरपतुर दांड्याला लोंबकळत गेलो, उदगीरच्या पुढं एक खड्डा आला तवा केवळाबाई डोळ्यापुढं दिसली.

दवाखान्यात खिडकीवरला बाबू, "नाव?" श्रीमंत. "जिल्हा?" म्हणलं, "उस्मानाबाद." जन्मभराची सवय हो! तर वरडला, "तीन वर्षं झाली लातूर जिल्हा होऊन!" आन् त्याच्याच कागदावर काय छापलेलं? जिल्हा उस्मानाबाद! त्यानं रेघ मारली, वर पेननं लातूर लिवलं. म्हणलं, "साहेब, जिल्हा एका रेघंत हलला, माझी कंबर बघा काय हलती का." हसला न्हाई. फोटू काढला, डाक्टर म्हणले, मणक्यातली चकती सरकलीय, एकवीस दिवस भरती व्हा, वजनं लावून कंबर ताणायची. पुन्हा खिडकी. आन् बाबू म्हणतो, "संगं कोन हाय?"

म्हणलं, कुणी न्हाई.

"कुणीच न्हाई? सोबत मानूस असल्याबिगर भरती न्हाई. डबा कोन आणणार? उठवणार कोन?"

तुमाला सांगतो, लाथ लागली न्हाई इतकं ते लागलं. लाईनीत माझ्या मागं वीस मानसं, समदी ऐकायलेली. मी कागद घडी घालून खिशात ठिवला, वळलो… म्हंजे वळायला मला येळ लागतो, निम्मा वळलो तवर मागून आवाज आला. "ह्येंच्या संगं मी हाय!"

बघतो तर एक बाई, कपाळ मोकळं, पांढरं पाताळ, हातात पितळी डबा. बाबू म्हणला, "तुमी तर त्या पोरीच्या संगं हाव ना?" तर म्हणती, "हाय की. तिच्याबी संगं आन् ह्येंच्याबी संगं. एका मानसानं दोघांच्या संगं ऱ्हाऊ ने असं लिवलंय का कुठं? दावा." बाबूनं कागद उलटा केला, सुलटा केला. न्हवतं लिवलेलं! "नाव सांगा." "धुरपताबाई. अहमदपूरकडली." मी म्हणलं, "ताई, आपली वळख न्हाई…" तर म्हणली, "मला काय वळख करायची, कंबर तर वळखीची हाय! माझ्या लेकीची, पंचशीलाची, तशीच गेलीय, रोजगार हमीवर खडी वाहून. चला भाऊ, जयभीम."

आन् मग ती वजनाची खोली! तीन खाटा. आमाला उताणं पाडायचं, कंबरंला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला वजनं, जसा काय आडत्याच्या दुकानात हरभरा तोलायलेत. मधल्या खाटंवर मी, डावीकडं पंचशीला, उजवीकडं मारोती, लातूरच्या मोंढ्यातला हमाल. मान वळवायची मनाई! तिघंबी वर पंख्याकडं बघायचो आन् बोलायचो. आठ दिस मला त्यांची तोंडं धड ठाव न्हवती, पन मारोतीला कवा कळ येती, ते त्याच्या श्वासावरून कळायचं. तो म्हणायचा, "डायवरसाहेब, आज कुठल्या गावाला पानी?" मी म्हणायचो, "आज हाडोळीला." मग पंचशीला, "मामा, हॉर्न मारा की!" आन् मी पडल्या पडल्या हॉर्न मारायचो, अर्धा, घसा बसल्यावानी… शिस्टर पळत यायची. धुरपताबाई एका डब्यात चौघांचं जेवण पुरवायची, कसं ते तिलाच ठाव. मी एकदा म्हणलं, "ताई, तुमचे लई उपकार…" तर म्हणली, "गप जेवा. तुमची ज्वारीची भाकर कमी पडली तर सांगायचं, उपकार कमी पडले तर सांगू नका."

अशे एकवीस दिस. पन तुमाला खरं सांगू का? अठरावा दिस उगवला आन् मी उरलेले दिस बोटावर मोजाया लागलो. कंबर जरा हलकी झालती हो! समदे म्हणायचे, "वा, सुधरायलंय!" आन् मला आपलं जळकोटचं घर दिसायचं, कोरडी घागर आन् लावलेलं दार. मारोती आता गाव ईचारंना. पंचशीला हॉर्न मागंना. तिघंबी नुसती पंख्याची पाती मोजायचो.

शेवटच्या दिशी डाक्टरांनी तिघांना एका रांगंत हुबं केलं, धुरपताबाई बाजूला. डाक्टर चांगला मानूस, तोंड एवढंसं करून म्हणले, "तुमच्याशी खोटं बोलणार नाही. टँकर, हमाली, खडी… हे आता बंद. व्यायाम रोज करायचा. आणि ही कंबर पूर्ण बरी व्हायची नाही, जन्मभर सांभाळावी लागेल. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इथं यावं लागेल."

मी ईचारलं, "तिघांनीबी?"

"तिघांनीही."

"एकाच दिवशी?"

"हो. सोमवारीच. जन्मभर."

मी टावेल तोंडावर घेतला. खांदे हलायलेत, डोळ्यातून पानी… डाक्टर घाबरले, पाठीवर हात ठिवला, "अहो, असं रडायचं नाही, धीर धरा," आन् शिपायाला म्हणले, यांना चहा आणा. मारोतीनंबी टावेल घेतला, पंचशीलानं पदर घेतला, धुरपताबाई तर पाठ फिरवून हुबी राहिली… आता त्या भल्या मानसाला कोन सांगणार की आमी हसायलो होतो! आन् कसं हसायचं हो जोरात… हसलं की कंबर लई दुखते.