अकरा पानांची माळ

दिलीप : “खालचं पान तोड रं दिल्या, वरच्या पानावर अळीचं घर असतंय.” आई म्हणायची असं. शनिवारी पहाटे, गावाबाहेर, रुईच्या झुडपाशी मला उभं करून. सत्तर वर्षं होत आली, पण काल पानाला हात लावला आणि तिचा आवाज कानात आला.

शीला : आवाज आला, तरी तुम्ही वरचीच तोडलीत.

दिलीप : खालची पिवळी पडली होती. मारुतीला पिवळी कशी घालायची?

शीला : अहो, हे कॅनडातलं विंडसर आहे. आणि ही रुई नाही, मिल्कवीड आहे.

दिलीप : तूच म्हणाली होतीस, रुईचं भावंड आहे म्हणून. चीक तसाच, बोंड तसंच, आतून म्हातारी उडते तीही तशीच.

शीला : माझं मलाच ऐकवा. सकाळी बघते तर अकरा ठिकाणी शेंडे खुडलेले. आधी सशावर आळ घेतला. मग शेजारच्या पॅट्रिकवर, दोनदा आपल्या अंगणाला जंगल म्हणालाय तो. त्याच्या दारापर्यंत गेले होते मी, घंटा वाजवायची बाकी होती. नशीब, आधी बी वाळवायच्या पिशव्या आणायला बेसमेंटमध्ये उतरले. तर घर तापवायच्या फर्नेसच्या मागे कॅलेंडरचा मारुती, आणि त्याच्या गळ्यात माझी पानं.

दिलीप : देवाच्या गळ्यातून काढलीस?

शीला : नमस्कार करून काढली. बायॉप्सीला आज बारा दिवस झाले, दिलीप. दहा दिवसांत रिपोर्ट येईल म्हणाला होता सर्जन. मी या पानांवरच्या अंड्यांच्या आधारानं दिवस काढतेय. रोज सकाळी मोजते. असली जागच्या जागी, की वाटतं, आजचा दिवस निभावला. आज तिथं नुसता चीक ओघळलेला. माझा हात आपोआप मानेवरच्या गाठीकडे गेला.

दिलीप : मला काय ठाऊक अंडी आहेत ते.

शीला : मग निळी लोकर कशाला बांधली होती मी त्या झाडांना?

दिलीप : मला वाटलं, चांगल्या झाडांना खूण केलीस. म्हटलं, देवाला चांगल्यातलंच द्यावं.

शीला : धन्य आहे इंजिनिअरसाहेबांची. अंडी होती म्हणून खूण होती ती. मोनार्क फुलपाखरांची अंडी. आता जन्मणारी पाखरं सप्टेंबरात सरोवर ओलांडून मेक्सिकोला निघतात. हे पान पालथं करा. शिरेजवळ, खसखशीच्या दाण्याएवढं. दिसलं?

दिलीप : थांब, उजेडात धरतो. हं. मेलंय का?

शीला : नाही अजून. पण पान सुकलं तर अळी बाहेर येऊन खाणार काय? चार पानांवर आहेत, मोजली मी. ती जिवंत पानांना टाचून टाकायची. अळी निघाली की जाईल सरकत पलीकडे. माझा सुईदोऱ्याचा डबा आणा. आणि टोपी घाला, ऊन आहे.

(समोरचं अंगण. कमरेएवढं गवत, मध्ये मिल्कवीडचा वाफा. दोघं छोट्या स्टुलांवर बसून पानं टाचताहेत.)

दिलीप : दोरा मी ओवतो.

शीला : ओवा. मग तुम्ही पान धरा, मी टाका घालते. हळू, चीक हाताला लागेल, तोच हात डोळ्याला लावाल.

दिलीप : इथं माझं लॉन होतं.

शीला : झालं सुरू. पाच वर्षं झाली.

दिलीप : तक्रार नाही गं. बोललो आपला. तू उपटलंस तेव्हा आठवडाभर अबोला धरला होता मी. आणि त्या वर्षी उगवलं काय, तर बोटभर काड्या. सगळी गल्ली हसत होती. तू म्हणायचीस, वर बघू नका, या प्रेअरीच्या, गवताळ माळावरच्या झाडांचं आधी खाली चालतं.

शीला : चालतंच. दोन-दोन वर्षं नुसती मुळं खोल जातात. वर कुणाला पत्ताही नसतो. तेव्हा किती कौतुक वाटायचं मला त्याचं.

दिलीप : आता नाही वाटत?

शीला : आता मानेला हात लावते आणि वाटतं, हेही असंच दोन वर्षं गुपचूप खाली चाललं असेल का? मी इथं बिया पेरत होते, पक्ष्यांना पाणी ठेवत होते, आणि हे आपलं आतल्या आत... जाऊ दे. दुसरं पान द्या.

दिलीप : शीला...

शीला : द्या पान. यामिनी विचारत असते सारखी, “मॉम, एनी न्यूज?” दोन तासांवर, इथल्याच लंडनला आहे, शनिवार-रविवार येते म्हणत होती. मी नको म्हटलं. ती आली की खरंच काहीतरी आहे असं वाटेल मला. सेलफोन बंद करून कपाटात टाकलाय. वाजायलाच नको.

दिलीप : (तोंडातल्या तोंडात) रुईच्या पानावरी...

शीला : काय पुटपुटताय?

दिलीप : आईची ओवी. टाचता टाचता तोंडात आली.

शीला : मोठ्यानं म्हणा की.

दिलीप : रुईच्या पानावरी, चीक दुधावानी दाट,
देवा मारुतीराया, दुखण्याची अडव वाट.

शीला : छान आहे हो. अठ्ठेचाळीस वर्षांत कधी ऐकवली नाहीत. दर शनिवारी म्हणायच्या का त्या?

दिलीप : नाही. दर शनिवारी माळ नसायचीच. नुसतं तेल वाहायची. माळ करायची ती घाबरली की. माझ्या भावाला, अण्णाला, टायफॉइड झाला तेव्हा केली. धाकट्या मावशीच्या बाळंतपणात केली. पहाटे उठून, कुणाशी न बोलता. माळ दिसली की आम्हा पोरांना कळायचं, घरात काहीतरी झालंय आणि ही सांगत नाहीये.

शीला : (सुई खाली ठेवते.)

दिलीप : पान धरलंय मी. घाल ना टाका.

शीला : तुम्ही आयुष्यात देवळाची पायरी चढला नाहीत. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांचे कोट सांभाळत दाराशी उभे राहायचात. बारा दिवस मी रडले, तुम्ही मला टक्केवारी सांगत बसलात. शंभरातल्या कितीजणींच्या गाठी साध्या निघतात, ते.

दिलीप : ते खरंच आहे.

शीला : मग काल काय झालं? माझ्याकडे बघा. पानाकडे नको. काल कशाला घाबरलात तुम्ही?

दिलीप : काल नाही. परवा. तू इथं पाणी घालत होतीस. घरच्या फोनवर क्लिनिकमधून बाई बोलत होती. तुला उद्या साडेनऊला बोलावलंय. मी विचारलं, काय निघालं? म्हणाली, ते मला सांगता येणार नाही. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाली, त्यांना एकटं पाठवू नका.