हात पुरल्याची दुपार

तुम्ही माझ्या हातांना हसता ना, मग हे ऐका. बांगड्या भरायला गेले की मला अजून शाळकरी मुलीचं माप लागतं, आणि मला हवी होती पाच तारांची बेस गिटार. चेन्नईतल्या तांबरमच्या दोन दुकानांत "मॅडम, युकुलेले बघा, छोटी गिटारच ती" ऐकून झालं होतं. तिसऱ्यात ठरवूनच गेले, इथे नाही जमलं तर नाद सोडायचा.

दुकान तळघरात. मी पायऱ्या उतरले आणि वीज गेली. म्हातारे दुकानदार काळोखातूनच मोडक्या हिंदीत म्हणाले, "बसा मा. कशी पाहिजे?"

"स्वस्त. आणि सगळ्यात आखूड मानेची. हात लहान आहेत."

त्यांनी माझ्या मांडीवर एक गिटार ठेवली. "करंट नाही, ॲम्पचा स्पीकर चालणार नाही. लाकडाला गाल लावा आणि जाड तार छेडा."

छेडली. आवाज कानात आलाच नाही. तो दातांतून, जबड्यातून पार बरगड्यांपर्यंत उतरला, कोवलमच्या पाण्यात पाठीवर तरंगताना समुद्र ऐकू येतो तसा. मी डोळे मिटले. बोटं कुठवर जाऊन येत होती, किती वेळ गेला, काही कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा पंखा फिरत होता आणि दुकानदार निवांत कॉफी पीत होते.

"हीच घेते," मी म्हटलं. "आखूड आहे म्हणून जमलं."

"आखूड आमच्याकडे नसतातच मा," ते म्हणाले. "ही लांब आहे म्हणून पडून होती, म्हणून स्वस्त."