चटका कळला पायजे

माझं माहेर कोंडाण्याचं, दिली इकडं खालापुरात, दोनीकडं भातशेतीच, त्यामुळं विळा हातात लहानपणापास्नं, काय सांगू तुमाला, त्यानं कधी दगा दिला नाय आन दिला तो गेल्या सालच्या कापणीत. डाव्या हातात भाताची मूठ धरलेली, विळा सटकला तो सरळ मनगटावर. आमी बाया काय करतो, हळद दाबायची, फडकं बांधायचं आन कापत राह्याचं. तसंच केलं. रगत थांबलं, जखम भरली, म्हटलं सुटले बाय. पन बोटं मेल्यावानी.

मंग मोठ्या इस्पितळात नेलं. डाक्टर म्हनाले, बाई, बोटांना जाण देनारी शीर तुटलीय, आधीच यायचं ना, आता जोडतो पन ती हळूहळू वाढनार, मुंग्या जिथवर येतील तिथवर ती आली समजा, बघत राहा. बसले बघत. मुंग्या तळव्यापर्यंत आल्या आन तिथंच थांबल्या. कंटाळा आला वो त्या हाताचा.

इथल्याच शिळफाट्याला एका खानावळीत मी तांदळाच्या भाकऱ्या करते. उजव्या हाताला पीठ, म्हून भाकरी डाव्याच बोटांनी उलटायची, आमच्या आईपास्नं तसंच. एकदा करपल्याचा वास आला. म्हटलं गेली भाकरी, तर भाकरी पांढरीफेक, करपलेलं माझं बोट. मालकीण रडली. मी नाय, दुखलंच नाय तर काय रडू?

माझ्या बहिनीची सोनल मुंबईला शिकते, तिच्या प्रयोगशाळेत हेच चाललंय म्हने. मावशी, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक कण असतात, त्यांत औषध भरायचं, तुटल्या शिरेपाशी सोडायचं, मग शीर लवकर वाढते. मी हातच पुढं केला, म्हटलं सोड गं बाय. तिनं तो हळूच खाली ठेवला. मंग म्हनाली, अजून उंदरांवरच चाललंय गं, माणसांना यायला लई वर्षं लागतील. म्हटलं, उंदराची शीर आली ते कळतं कसं? तर त्याला तापल्या पत्र्यावर ठेवतात, झटकन पाय उचलला का समजायचं, आली.

बोट करपल्यापास्नं भाकरी उलथन्यानं उलटते, तिला पहिल्यावानी पापुद्रा सुटत नाय. दमले मी आता. सोनलचा फोन आला का आधी इचारते, उचलला का गं पाय? कधी उचलतो म्हनते, कधी नाय. उचलू दे रं देवा त्याला. त्याला चटका कळू दे, मंग कुना बाईच्या बोटाला कळंल. माझ्याच बोटाला कळायला पायजे असं नाय.