मथुवहिनीचा उंच वाफा

मंडळी, ओतूरच्या या आळीतली तुमी सगळी जमलात, पण जिच्यासाठी जमलात ती न्हाई. माझी भावजय, मथुवहिनी, तेरा दिसांमागं तापानं गेली. मी किराणा विकणारा माणूस, मला भाषण येत न्हाई. पण आज गप्प बसलो तर जन्मभर माझीच मला लाज वाटंल.

भाऊ गेला तवा वहिनी वीस वर्षांची व्हती. आमी तिला घरातला एक कोपरा दिला. ती तिथं बसली न्हाई. परसात फुलं पेरली. पहिल्या साली पाणी साचून रोपं कुजली. मी हसलो, राव. दुसऱ्या साली पडक्या गोठ्याचे दगड तिनं एकटीनं वाहिले, गुडघाभर उंच वाफा रचला, त्यात माती अन् शेणखत भरलं. पाणी खाली निघून जायला लागलं. अन् मग झेंडू, तेरडा, मखमल असं काही फुललं की रस्त्यानं जाणारा थांबायचा. लई सोपं असतं म्हणायची. सुकलं फूल चुरगाळून बी टाकायचं, माती दाबायची न्हाई, रोप वाढलं की शेंडा खुडायचा.

झेंडूचं बी कुठलं? देवळामागं टाकलेल्या सुकल्या हारांचं. त्याच झेंडूची परडी घेऊन ती देवळात गेली, तर विधवेच्या हातचं देवाला चालत न्हाई म्हणून पुजाऱ्यानं परत धाडली. घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "भावजी, देवाच्या अंगावरच्या फुलांचं बी हाय. माझा हात लागला म्हणून विटाळलं का?"

याचं उत्तर तुमाला येतं का?

आता ऐका. दर दसऱ्याला देवळाला मी तोरण देतो. जुन्नरच्या मळ्यातली फुलं म्हणून तुमी वाखाणता. मंडळी, जुन्नरातून एक पाकळी आली न्हाई. सगळी वहिनीच्या वाफ्यातली. ती ओवायची अन् नाव मी जुन्नरचं सांगायचो. सहा वर्षं देवाच्या दाराला तीच फुलं व्हती. कुणाचं काय वाईट झालं?

मी तवाच बोलायला पायजे व्हतं. विधवा म्हणून तिच्या तिरडीवर कुणी एक फूल ठेवू दिलं न्हाई, तवाही मी मान खाली घालून उभा राहिलो. परसात वाफा भरून फुलला व्हता.

काल मला देवळाकडनं सांगावा आला, वाफा मोडून टाक. मी मोडणार न्हाई. या दसऱ्याला तोरण जाईल, अन् तिचं नाव सांगून जाईल. देवळानं परत धाडलं तर माझ्या दुकानाच्या दाराला लागंल.

आता उठा. ही परडी तिच्या वाफ्यातली हाय. ज्याला चालत न्हाई त्यानं खुशाल जावं, मी अडवणार न्हाई. तिकडं भिंतीला टेकून माझी थोरली बहीण चंद्राक्का बसलीय. तिचंही कुंकू गेलंय. किती वर्षं झाली, तिनं फुलाला हात लावला न्हाई.

अक्का, पुढं ये. वहिनीला पहिलं फूल तू वाहा. अन् एक तुझ्यासाठी घे.