माझं 'हो' आणि दोन बायांमधलं बाळंतपण

नाही, पण मला सांगा, चूक माझीच कशी? घरात बाळंतपण, पोटुशी लेक, लेकीची आई जिवंत, जावई सफरचंदं तोडायला समुद्रापलीकडे गेलेला, आणि सगळ्यांनी येऊन विचारायचं कोणाला? मला! ज्यानं उभ्या आयुष्यात नारळ सोलले आणि अरवी लावली, त्याला! सुईण बरी की डॉक्टरीण बरी, हे मला कसं कळावं? मी बाळंत झालोय कधी?

तुम्हाला सांगतो, आधी आली आमची फुआतिनो. बायको माझी. कोकोचा कप हातात दिला, तेव्हाच ओळखलं मी, काहीतरी मागायचंय. म्हणाली, "अहो, पोरगी मसिना आक्काच्या हाताखालीच मोकळी होणार. माझी पाचही तिनंच सोडवली. तेल लावून पोटावरनं हात फिरवते, बाळ आपोआप वळतं. आणि वार आपल्या नीरफणसाच्या झाडाखालीच पुरायची. दवाखान्यात ती कुठं फेकतील कोण जाणे! हो ना?"

मी हो म्हणालो.

कोको संपतोय न संपतोय तोच लेक आली, लनुओला. पाय हे एवढाले सुजलेले, चटईवर बसायलासुद्धा खांबाचा आधार. हळूच म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते हो. नर्स म्हणाली रक्तदाब चढलाय. मला डॉक्टरीणबाईंकडेच न्या. आईला तुम्हीच सांगा. सांगाल ना?" आता ती असं 'बाबा' म्हणते ना... लहानपणी ताप आला की म्हणायची, अगदी तसं. मी काय करणार?

मी हो म्हणालो.

आणि संध्याकाळी रस्त्यात मसिना आक्का! माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, गुडघे गेलेले, पण डोळे घारीचे. काठी माझ्या पोटाला टेकवून म्हणते, "काय रे सेउली, पोरगी झाली तर माझं नाव ठेवायचं, काय?" बरं, आमच्या बेटावर पद्धतच आहे, बाळंतपणात जो उपयोगी पडला त्याचं नाव पोराला. म्हणजे हिनं धरूनच ठेवलेलं, की बाळंतपण हिच्याकडे! घरी आलो तर फुआतिनो म्हणते, मुलगी झाली तर माझं नाव बरं का. दोघींना काय म्हणालो असेन, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोन महिने, अहो दोन महिने मी झोपलो नाही. अरवीच्या वाफ्यात उभं राहून बोलायची तयारी करायचो. "आक्का, राग मानू नको..." एवढं म्हणायचो की पुढचं सुचायचंच नाही. ती अरवी ऐकून ऐकून माना टाकायला लागली! कारण आक्काला 'नको' म्हणायचं म्हणजे काय? माझी पाच लेकरं पहिल्यांदा त्या हातांनी धरली. आणि 'हो' म्हणावं, तर लेकीचे ते पाय डोळ्यांपुढनं हलेनात.

आणि एक दिवस, सूर्य कलला होता, लनुओलानं खांब घट्ट धरला. म्हणाली, "बाबा..." बस्स. फुआतिनो ओरडली, "आक्काला आणा!" लेक ओरडली, "गाडी आणा!" मी दोघींनाही हो म्हणालो आणि पळत सुटलो. मी पळतो म्हणजे इतर लोक चालतात तसा, पण पळालो.

आक्काच्या घरी पोचलो, "आक्का, राग मानू नको..." बघतो तर काय? आक्का ओट्यावर तयार! बोचकं बांधलेलं, तेलाची बाटली काखेत!

"किती उशीर रे! गाडी कुठाय?"

"गाडी? कशाला?"

"डॉक्टरणीकडे जायला! पोरीच्या पायावर अंगठा दाबून बघितलास कधी? खड्डा पडतो, खड्डा! असली बाळंतीण मी घरात ठेवीन होय? दोन महिन्यांपूर्वीच मी डॉक्टरीणबाईला फोन केलाय. अवघड असेल ती पोर मी तिकडेच नेते, आणि ती मला आत घेते."

"अगं मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून काय उपयोग? तू हो म्हणाला असतास!"



माझी नारळ वाहायची जुनी गाडी काढली. मागे चटया टाकल्या, त्यावर लेक, एका बाजूला आई, एका बाजूला आक्का. पुढच्या गावात शिरलो आणि... ठण् ठण् ठण्! झाडाला टांगलेला रिकामा गॅसचा सिलिंडर, तीच गावाची घंटा. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ! घराघरात माणसं बसली, वाट बंद, प्रार्थना संपेपर्यंत कुत्रंसुद्धा हलायचं नाही. आणि मी काय केलं असेल? सत्तर वर्षांची सवय हो! गाडी थांबवली, बंद केली, मान खाली घातली, डोळे मिटले!

पाठीत काठी बसली. "सेउली! देवाशी मी बोलते, तू गाडी हाक!"

डोळे उघडले, तर समोर फेतू. त्या गावाचा राखणदार, दारात मावत नाही एवढा माणूस, हातात सोटा. हळू आवाजात म्हणाला, "काका, प्रार्थना चालू आहे. तुम्हीच तर आमच्या गावाच्या या नियमाचं कौतुक करता. थोडं थांबता ना?"

थांबता ना. तोंडाची सवय... 'ह' ओठांवर आलासुद्धा होता! तेवढ्यात मागनं लेक कण्हली. मोठ्यानं नाही. अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी नाही म्हणालो.

तुम्हाला सांगतो, आवाज माझा वाटेचना! "नाही. थांबणार नाही. बाजूला हो, फेतू!" फुआतिनोनं तर लेकीला सोडून माझ्याकडे बघितलं. आणि फेतूनं मागे डोकावून पाहिलं, सोटा फेकला, आणि तो डोंगराएवढा देह गाडीपुढे पळत सुटला, गावच्या वेशीपर्यंत, "वाट सोडा, वाट सोडा" करत!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई दारातच. म्हणाल्या, "आक्का, या, हात धुवा." पोट उघडावं लागलं. बाईंचे हात पोटात आणि आक्काचा हात लेकीच्या कपाळावर. मी बाहेर. चार भिंती मोजल्या, पुन्हा मोजल्या, चारच निघाल्या. मग एक बारीकसं रडणं आलं, आणि मागनं आक्का ओरडली, "दोघी आहेत रे!" म्हणजे माय आणि लेक.

वार बाईंनी आइस्क्रीमच्या डब्यात घालून दिली. फुआतिनो तो डबा मांडीवरनं खाली ठेवीना.

सकाळी कोण आलं? फेतू! उकडलेल्या अरवीची टोपली घेऊन, दारातनं तिरका होत. नातीकडे बघितलं, नाक ओढलं, आणि म्हणतो, "काका, वाट मी मोकळी केली. नाव माझंच ठेवणार ना?"

अहो, आदल्याच दिवशी त्याला 'नाही' म्हणालो होतो! एका माणसाला दोनदा कसं म्हणायचं?

आता आजी तिला फुआतिनो म्हणते, आक्का मसिना म्हणते, आणि रविवारी तो फेतू येऊन स्वतःलाच हाक मारल्यासारखा हाक मारतो. सगळे मला विचारतात, आजोबा, तुम्ही काय म्हणता? मी काय म्हणणार! ती रडायला लागली की उचलून घेतो, नीरफणसाखाली नेतो, आणि म्हणतो... हो गं. हो, हो.